क्षमा कुणी, कुणाला, केव्हा?

(अंधेरी येथे उपनगरांतल्या महिला गटांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर.)



आजच्या बैठकीला 'ख्रिस्ती जीवनातली क्षमा' हा विषय ठेवला, तेव्हा आपल्यातल्या काहीजणींनी विचारलं, हा विषय चर्चमधल्या प्रवचनाचा, संघटनेच्या बैठकीत तो कशाला? दुसऱ्या काहीजणी म्हणाल्या, क्षमा हा शब्द ऐकला तरी आमच्या कपाळावर आठी येते, कारण आजवर तो फक्त आम्हालाच ऐकवला गेलाय. हे दोन्ही आक्षेप मला महत्त्वाचे वाटतात. त्यामुळेच आज या विषयावर मोकळेपणाने बोलूया.

मरोळ, आंबोली, गोराई इथली गावठाणं असोत, बोरिवलीची आय.सी. कॉलनी असो, नाहीतर मुलुंड-घाटकोपरच्या चाळी आणि इमारती असोत, ख्रिस्ती बाईला घरात मार बसतो तेव्हा ती सहसा पहिल्यांदा पोलिसांकडे जात नाही, आपल्याकडेही येत नाही. ती फादरकडे जाते, सिस्टरकडे जाते, नाहीतर प्रार्थनागटातल्या एखाद्या वडीलधाऱ्या बाईकडे. तिथे तिला बहुतेक वेळा एकच सल्ला मिळतो. 'क्षमा कर. प्रभूनेही क्रूसावरून क्षमा केली. हा तुझा क्रूस आहे, तो उचल.' सल्ला देणारी माणसं दुष्ट नसतात, पुष्कळदा अगदी कळवळ्याने बोलत असतात. पण बाई घरी जाते ती दोन ओझी घेऊन. मार तर होताच, आता मनातला राग हे आपलंच पाप आहे, ही टोचणीही तिला लागते.

हिंदू किंवा मुसलमान बाईला हे ऐकावं लागत नाही असं नाही. 'सोडून दे, संसार म्हटला की भांड्याला भांडं लागणारच' हे वाक्य कुठल्याच जातीधर्माला परकं नाही. फरक एवढाच की ख्रिस्ती बाईच्या बाबतीत ते थेट देवाच्या नावाने सांगितलं जातं. त्यामुळे नुसतं 'धर्म बाजूला ठेव' म्हणून भागत नाही. तिचा विश्वास हा तिचा आधार आहे. तो काढून घेऊन तिच्या हातात आपण काय देणार? तेव्हा तिचा धर्मग्रंथ नेमकं काय सांगतो, हे आपणच नीट वाचलं पाहिजे.

त्याच अध्यायात आणखीही काही आहे

क्षमेबद्दल सगळ्यांना पाठ असलेली गोष्ट मत्तयच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात आहे. पेत्र येशूला विचारतो, भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा? येशूचं उत्तर असं, की सात वेळा नाही, साताच्या सत्तरपट. प्रवचनात एवढंच सांगतात. पण तुम्ही घरी गेलात की तो अध्याय पेत्राच्या प्रश्नाच्या जरा आधीपासून वाचा. तिथे येशू एक पद्धत घालून देतो. कुणी तुझ्यावर अन्याय केला तर त्याच्याकडे जाऊन त्याची चूक त्याच्या पदरात घाल. त्याने ऐकलं नाही तर एक-दोन माणसं सोबत घेऊन जा, म्हणजे साक्षीदार राहतील. तरीही ऐकलं नाही तर सगळ्या मंडळीपुढे सांग. मंडळीचंही ऐकलं नाही तर त्याला परका समज.

आपण केंद्रात काय करतो? बाईची तक्रार ऐकतो. दोघी-तिघी मिळून तिच्या घरी जातो. वस्तीची बैठक बोलावतो. त्यानेही काही झालं नाही तर पुढची वाट धरतो. आपण करतो त्या कामाशी हे किती जुळतं पाहा! एक मात्र खरं, की जिथे मारहाण आहे तिथे बाईला एकटीने समोर जायला आपण सांगत नाही, पहिल्या भेटीपासूनच तिच्याबरोबर असतो. मूळ मुद्दा असा की त्या अध्यायात सत्तरपट क्षमेच्या आधी अन्यायाचा उच्चार आहे, साक्षीदार आहेत, मंडळीची जबाबदारी आहे. ज्या पॅरिशमध्ये बाईला गुपचूप क्षमा करायला सांगतात आणि नवऱ्याला मंडळीपुढे कधीच उभं करत नाहीत, तिथे अध्यायाचा उत्तरार्ध तेवढा वाचला गेलाय.

पेत्राला उत्तर दिल्यावर येशू एक दाखलाही सांगतो. राजाने एका चाकराचं प्रचंड कर्ज माफ केलं. तोच चाकर बाहेर पडला आणि किरकोळ रकमेसाठी त्याने दुसऱ्या चाकराचा गळा धरला. पुढे काय होतं? बरोबरचे चाकर हे पाहतात, त्यांना वाईट वाटतं आणि ते जाऊन राजाला सांगतात. मग राजा दिलेली माफी परत घेतो. गप्प न बसणाऱ्या त्या सोबतच्या चाकरांची आठवण कुणी काढत नाही. शेजारच्या खोलीतून किंकाळी ऐकू येते तेव्हा टीव्हीचा आवाज वाढवणाऱ्यांना हा दाखला ऐकवला पाहिजे. आणि एकदा मिळालेल्या माफीचा उपयोग पुन्हा गळा धरायला केला तर ती माफी टिकत नाही, हेही त्यातच आहे.

अशी आणखी उदाहरणं आहेत. डोंगरावरच्या प्रवचनात येशू म्हणतो, की वेदीपाशी अर्पण आणलंस आणि तिथे आठवलं की तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी जाऊन त्याच्याशी समेट कर. इथे उठून जायचंय ते ज्याने दुखावलंय त्याने. जकातदार जक्कय पश्चात्ताप करतो तेव्हा नुसते डोळे पुसत नाही, लुबाडलेलं चौपट परत देईन म्हणतो. जुन्या करारातला योसेफ घ्या. भावांनी त्याला विकलं होतं. दुष्काळात तेच भाऊ धान्य मागायला दारात आले, तेव्हा त्याने लगेच गळामिठी मारली नाही. ओळखसुद्धा दिली नाही. धाकट्या बन्यामिनावर संकट आणून पाहिलं, की हे आता यालाही टाकून जातात का. यहूदा त्याच्या जागी स्वतः गुलाम म्हणून राहायला तयार झाला, तेव्हा कुठे योसेफाने रडत रडत ओळख सांगितली. माणूस खरंच बदललाय की नाही हे पारखून घेणं हा क्षमेचाच भाग आहे.

कॅथलिक चर्चचा पापकबुलीचा संस्कार घ्या. त्यातही पश्चात्ताप हवा, कबुली हवी आणि प्रायश्चित्त हवं. देवापुढे जाताना जे लागतं, ते घरी बायकोपुढे येताना एकदम नको कसं होतं?

लक्ष्मीबाईंचं उदाहरण

आता आपल्या मराठीतलं एक उदाहरण सांगते. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' तुमच्यापैकी बऱ्याचजणींनी निदान शाळेच्या पुस्तकातल्या धड्यातून वाचली असतील. त्यांचे यजमान रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्या काळात त्याचा अर्थ काय होता? लहान मूल पदरात असलेली ब्राह्मण घरातली बाई एका दिवसात नवरा असून नसल्यासारखी झाली. लक्ष्मीबाईंनी पुढची काही वर्षं नातेवाइकांकडे काढली. त्यांना दुःख झालं, संताप आला, आणि तो त्यांनी लपवला नाही.

पुढे त्या टिळकांकडे गेल्या. पण लगेच त्यांच्या धर्मात गेल्या नाहीत. आपलं सोवळंओवळं, आपला स्वयंपाक त्यांनी वेगळा ठेवला. जातिभेद माणसांनी केलाय हे त्यांचं त्यांना पटलं, तेव्हा त्यांनी स्वतःहून बाप्तिस्मा घेतला. ते वर्ष होतं १९००. म्हणजे परत जाणं त्यांनी ठरवलं, किती जवळ जायचं ते त्यांनी ठरवलं, आणि किती वेळ घ्यायचा तेही त्यांनीच ठरवलं.

टिळक १९१९ मध्ये वारले. त्यानंतर लक्ष्मीबाईंनी आठवणी लिहिल्या. 'स्मृतिचित्रे'चे चार भाग १९३४ पासून प्रसिद्ध झाले. त्या पुस्तकात टिळकांवरचं प्रेम पानोपानी आहे. टिळकांचा तापट स्वभाव आहे, त्यांचा भोळा विक्षिप्तपणा आहे, न सांगता घर सोडून जाणं आहे, त्यातून बाईच्या वाट्याला आलेले हाल आहेत. सगळं हसत हसत सांगितलंय, पण गाळलेलं नाही. क्षमा करायची म्हणजे विसरायचं, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे पुस्तक पुन्हा उघडावं. क्षमा केलेल्या बाईने लिहिलेलं ते पुस्तक सगळं आठवणीचंच आहे.

अर्थात हेही लक्षात ठेवायला हवं, की टिळकांनी लक्ष्मीबाईंची वाट पाहिली आणि त्यांच्यावर सक्ती केली नाही. प्रत्येक घरात टिळक नसतात. लक्ष्मीबाई परत गेल्या म्हणून तूही जा, असं कुणालाही सांगता येणार नाही.

क्षमा आणि कोर्ट

आता व्यवहाराकडे वळते. क्षमेचा कायद्याशीही संबंध येतो आणि तो आपल्या कार्यकर्त्यांना माहीत असायलाच हवा.

ख्रिस्ती लोकांसाठीचा घटस्फोटाचा कायदा १८६९ सालचा. त्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार एवढं एकच कारण पुरत होतं. बायकोला मात्र साधारणपणे व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता किंवा दोन वर्षं टाकून देणं असं आणखी काही सिद्ध करावं लागे. नुसता मार हे तिच्यासाठी घटस्फोटाचं कारणच नव्हतं. म्हणजे शंभराहून अधिक वर्षं ख्रिस्ती बाईला 'क्षमा कर' हा सल्ला फादर देत होते आणि मागून कायदा दार बंद करून उभा होता. अशा बाईने 'क्षमा' केली याला काय अर्थ? तिच्यापुढे दुसरा रस्ताच कुठे होता?

हे बदलायला कितीतरी ख्रिस्ती बायकांनी आणि संघटनांनी वर्षानुवर्षं धडपड केली. १९९५ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने ही विषमता घटनाबाह्य ठरवली. १९९७ मध्ये प्रगती वर्गीस खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने तोच मार्ग धरला आणि आपल्याकडच्या ख्रिस्ती बाईला केवळ क्रूरतेवरून किंवा केवळ परित्यागावरून घटस्फोट मागता येऊ लागला. २००१ मध्ये संसदेने कायदाच दुरुस्त केला. आज नवरा-बायकोला सारखी कारणं आहेत, परस्पर संमतीने घटस्फोटाची तरतूदही आहे. आता बाई क्षमा करते की नाही, याला अर्थ आला. कारण आता ती 'नाही' म्हणू शकते.

दुसरी गोष्ट अशी, की कोर्टाच्या भाषेत क्षमेला स्वतःचा अर्थ आहे. ख्रिस्ती घटस्फोट कायद्यात व्यभिचार माफ केला असं केव्हा धरायचं, तर पती-पत्नी म्हणून पुन्हा एकत्र राहणं सुरू झालं किंवा चालूच राहिलं तर. हिंदू विवाह कायद्यात क्रूरतेच्या बाबतीतही हा मुद्दा येतो. दास्ताने विरुद्ध दास्ताने या पुण्यातल्या दाम्पत्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये तो नीट मांडला. तिथे तक्रार नवऱ्याची होती. क्रूरता झाली हे न्यायालयाने मानलं, पण त्यानंतरही दोघं एकत्र नांदली म्हणून नवऱ्याने ती माफ केली असं धरलं आणि त्याचा दावा गेला. त्याच निकालात हेही स्पष्ट केलंय, की अशी माफी नेहमी एका अटीवर असते. पुन्हा तसं वागायचं नाही, ही ती अट. ती मोडली तर जुनी तक्रार पुन्हा जिवंत होऊ शकते.

यावरून आपण काय शिकायचं? बाई 'एकदा जाऊन पाहते' म्हणाली तर तिला अडवू नका. निर्णय तिचा आहे. पण जाण्यापूर्वी काय काय घडलं ते तारखांसह लिहून ठेवायला सांगा. दवाखान्याचे कागद जपायला सांगा. कोणत्या अटींवर जातेय हे दोघांच्या सह्यांनिशी लिहून घ्या. आणि हेही सांगा, की संरक्षण मागायला घटस्फोट मागावा लागत नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा २००५ सालचा कायदा ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे आणि तो सगळ्या धर्मांच्या बायकांसाठी आहे. त्यात मारहाण थांबवण्याचा आदेश मिळतो, घरात राहण्याचा हक्क मिळतो, पोटगी मागता येते. 'मला लग्न मोडायचं नाही, पण मार नको' म्हणणाऱ्या श्रद्धाळू बाईला या कायद्याचा मोठा आधार आहे.

माफी आणि शिक्षा

'क्षमा केली तर मग तक्रार कशी करायची?' असं बायका विचारतात. याला दोन बायकांच्या आयुष्यातून उत्तर मिळतं.

जानेवारी १९९९ मध्ये ओरिसातल्या मनोहरपूर गावात ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची फिलिप व टिमथी ही दोन लहान मुलं गाडीत झोपली असताना त्यांना जिवंत जाळण्यात आलं. ग्लॅडिस स्टेन्स यांनी जाहीरपणे सांगितलं, की मी मारेकऱ्यांना क्षमा केली आहे. पण म्हणून खटला थांबला नाही. २००३ मध्ये दारा सिंगला फाशी सुनावली गेली, ती पुढे जन्मठेपेत बदलली आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली. क्षमा ग्लॅडिसबाईंच्या मनातली होती. शिक्षा द्यायचं काम समाजाचं, कायद्याचं होतं. दोन्ही आपापल्या जागी राहिलं.

दुसरं उदाहरण सिस्टर राणी मारिया यांचं. मध्य प्रदेशात इंदूरच्या परिसरात त्या भूमिहीन आदिवासींना सावकारीविरुद्ध संघटित करत होत्या. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी समंदर सिंगने त्यांना भोसकून ठार केलं. तो तुरुंगात असताना २००२ मध्ये राणी मारिया यांची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल तिथे गेली आणि तिने त्याच्या हाताला राखी बांधली. तो २००६ मध्ये सुटला. सुटकेसाठी तिच्या घरच्यांनीही साथ दिली. पण तोवर त्याने अकरा-एक वर्षं तुरुंगात काढली होती, त्याला आपल्या कृत्याचा पश्चात्ताप झाला होता. राखी बांधायला सेल्मीला कुणी भाग पाडलं नव्हतं.

या दोन्ही घटनांत एक गोष्ट सारखी आहे. क्षमा करणारी बाई त्या वेळी गुन्हेगाराच्या तावडीत नव्हती. ज्याच्या हातात अजून पट्टा आहे आणि रात्री ज्याच्या शेजारी झोपायचंय, त्याला 'क्षमा' करायला सांगणं ही वेगळीच गोष्ट आहे. आधी पट्टा खाली ठेवायला लावा, मग क्षमेबद्दल बोला.

सल मात्र आपलाच असतो

आता दुसऱ्या बाजूबद्दल बोलते, कारण ती टाळणं बरोबर नाही. राग आणि सल यांत फरक आहे. अन्याय दिसल्यावर येणारा राग आपल्याला उठून उभं करतो. त्याच्याशिवाय ही चळवळच उभी राहिली नसती. पण बाई सुटून आली, तिला नोकरी लागली, मुलं शाळेत जाऊ लागली, आणि दहा वर्षांनीही तिचा प्रत्येक दिवस त्या माणसाच्या आठवणीने सुरू होत असेल, तर तो सल तिलाच आतून पोखरतो. त्या माणसाला त्याची खबरही नसते. हा सल सोडणं म्हणजे त्याच्यावर उपकार करणं नाही. ते तिने स्वतःसाठी करायचं.

ते कसं करायचं? उपदेशाने होत नाही, हे आपण पाहिलंय. बोलल्याने होतं. बायबलमधल्या स्तोत्रांतही किती कडवट गाऱ्हाणी आहेत! घात करणाऱ्या जिवलगाबद्दल, उशिरा धावणाऱ्या देवाबद्दलसुद्धा. ती प्रार्थनेत ठेवली गेली, याचा अर्थ देवापुढे राग घेऊन जाता येतं. आपल्या गटात बाईला तीच गोष्ट दहाव्यांदा सांगू द्या. तिला मुदत घालू नका. आज क्षमा झाली आणि उद्या पुन्हा डोळ्यांत पाणी आलं, तर ती नापास झाली असं नाही. साताच्या सत्तरपट याचा एक अर्थ मला असाही लागतो, की एकच जखम तितक्यांदा उफाळून येते आणि प्रत्येक वेळी ती नव्याने हातातून सोडावी लागते.

आणि जिला अजून जमतच नाही, तिला एवढं सांगा, की क्रूसावर येशूनेही मारेकऱ्यांच्या क्षमेसाठी पित्याकडे मागणं केलं. आपल्याला झेपत नाही ते वरती सोपवता येतं. सोपवून बाईने आपला डबा भरावा आणि कामाला जावं.

आणखी एक. बाईच्या मनातला सल पुष्कळदा नवऱ्यापेक्षा दुसऱ्यांबद्दल जास्त असतो. परत पाठवणाऱ्या आईबद्दल, बघत राहिलेल्या सासूबद्दल, मिस्सेनंतर नजर चुकवणाऱ्या शेजारणींबद्दल. आणि सगळ्यात जास्त स्वतःबद्दल, की मी इतकी वर्षं का सोसलं. या शेवटच्या क्षमेची गरज सर्वांत मोठी असते आणि तिच्याबद्दल प्रवचनात मी फारसं काही ऐकलेलं नाही.

पॅरिशकडे काय मागायचं

बैठक संपण्यापूर्वी काही ठोस मागण्या ठेवते. चर्चच्याच कायद्यात त्यांना आधार आहे. १९८३ च्या धर्मसंहितेच्या ११५३ व्या कलमात म्हटलंय, की जोडीदारापासून आत्म्याला किंवा शरीराला गंभीर धोका असेल तर वेगळं राहायला ते रास्त कारण आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या कुटुंबविषयक पत्रात असं लिहिलं, की हिंसेपासून दुर्बळ जोडीदाराला आणि मुलांना वाचवण्यासाठी वेगळं होणं कधी कधी नैतिकदृष्ट्या आवश्यकही ठरतं. हे आपल्या वस्तीतल्या किती बायकांपर्यंत पोहोचलंय?

म्हणून पहिली मागणी अशी, की मार खाणारी बाई आली की फादरांनी आधी विचारावं, 'आज रात्री घरी सुरक्षित आहेस का?' क्षमेचा विषय त्यानंतर. दुसरी, नवऱ्याला आणि तिला एकाच वेळी समोरासमोर बसवून समेट घडवू नये. तिचं म्हणणं एकटीचं ऐकावं. तिसरी, लग्नाआधीच्या मार्गदर्शन वर्गात हिंसेचा कायदा शिकवावा, आणि तो आपल्या कार्यकर्तीने शिकवावा. चौथी, उपवासकाळात पश्चात्तापावर प्रवचनं होतातच, त्यातलं एक तरी घरात हात उगारणाऱ्यांसाठी असावं.

पुढच्या रविवारपासून आपापल्या पॅरिशच्या फादरांना भेटायला दोघी-तिघींनी मिळून जायचं ठरवूया. मत्तयच्या अठराव्या अध्यायाप्रमाणेच, सोबत साक्षीदार घेऊन! कोण कुठे जाणार, त्याची यादी आत्ताच करूया.